औषधांचं कपाट

संप मोडायला मालकाच्या गुंडांनी भर दुपारी आमच्या युनियनचा दवाखाना फोडला. मी तिथली नर्स. अडवायला गेले, तर एकाने केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं आणि औषधांच्या कपाटात सळई घातली. काच त्याच्याच मनगटात घुसली. रक्ताची चिळकांडी उडाली, तसे त्याचे साथीदार पळाले.

"मालकाच्या डॉक्टरकडे न्या, बाई!" तो किंचाळला.

"तो कामगारांनाच बघत नव्हता, म्हणून तर युनियनने हा दवाखाना काढला. तुला काय बघतोय, मेल्या!"

माझ्या कपाळावरचं रक्त पुसून मी सुईत दोरा ओवला.

"आधी हात बधिर करा ना!"

मी जमिनीवरच्या काचा दाखवल्या. "ते औषध तूच आत्ता सांडलंस," म्हणत पहिला टाका घातला.