एकही ताजं फूल नको

फुलवालीनं पाइनचं वाळकं बोंड उचललं, उलटं केलं आणि बुडाशी नख लावून पाहिलं. प्लास्टिक नव्हतं. तिला जरा वाईटच वाटलं. प्लास्टिक निघालं असतं तर भांडायला निदान एक मुद्दा तरी हाती लागला असता.

"खरं आहे काकू, सगळं खरंच आहे," सजावटवाली म्हणाली. न कळवता आलेल्या या बाईला कुठे बसवावं हे तिला सुचत नव्हतं, कारण खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांवर सामान होतं. लांबलचक टेबलावर गव्हाच्या ओंब्यांच्या जुड्या, कापसाची बोंडं, सुकवलेल्या संत्र्याच्या चकत्या आणि सायीच्या रंगाच्या कापडी फिती पसरल्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात ताजी पाकळी म्हणून एक नव्हती.

"तुझं काम वाईट आहे असं मी म्हणतच नाही," फुलवाली म्हणाली. "मी एवढंच विचारतेय की माझ्या मुलीच्या लग्नात ताजं फूल नको, हे म्हणालं कोण?"

"ऑर्डरच तशी आली."

"ऑर्डर काय स्वतःच्या पायांनी चालत आली?"

सजावटवालीनं मान खाली घालून एका चकतीला उगाचच गरम गोंदाचा ठिपका लावला. "थंडीत ताज्या फुलांचं काही खरं नसतं, काकू."

"मला सांगतेस?"

सगळी हयात थंडीत, उन्हाळ्यात, पावसात फुलं विकण्यात गेलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे कमालच होती. सजावटवालीलाही ते जाणवलं असावं. विषय बदलायला तिनं संत्र्याची एक माळ पुढे केली.

"वास बघा ना, कसा मस्त येतोय."

फुलवालीनं माळ नाकाशी नेली, डोळे अर्धवट मिटले, क्षणभर थांबली. "छान आहे. दालचिनी जरा जास्त झाली," ती म्हणाली. दालचिनीच्या काड्या चकत्यांच्या मधे मधे बांधलेल्या होत्या. डोळे असलेल्या कुणालाही एवढं सांगता आलं असतं.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला होता. ताप आठवड्याभरात गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणून तिनं वाट पाहिली आणि मग वाट पाहणंही सोडलं. कुणाला म्हणून सांगितलं नाही. फुलवालीला वास येत नाही हे गिऱ्हाइकाला कळलं तर दुकानाला कुलूपच लावायचं की! आणि दुकानाचं एक वेळ जाऊ द्या, मुलीला कळलं असतं तर लग्नाच्या फुलांना तिनं आईला हात लावू दिला नसता. मुलगी दुसरीत होती तेव्हापासून फुलवालीनं मनाशी पक्कं केलं होतं की हिच्या लग्नातली फुलं आपल्या हातची असणार. नवरा लवकर गेला, मुलगी फुलांवर वाढली, शिकली, आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिच्या लग्नात फूल नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि ते कुठे मुरतंय हे ती शोधून काढणार होती.

मुलीला विचारलं तर ती चुकूनही नजरेला नजर देईना. "अगं आई, हल्ली असंच करतात. आणि सासूबाईंचीही तीच इच्छा आहे," एवढं बोलून ती उठली ती थेट कपड्यांच्या घड्या घालायला गेली. एरवी तिला घड्या घालायला सांगून घसा कोरडा पडायचा.

फुलवालीचा धाकटा भाऊ, मुलीचा मामा, तिथेच चहा पीत बसला होता. मामाला बाराही महिने सर्दी असे, आणि दुसऱ्याच्या डोक्यात किडा सोडून देण्याचा त्याला छंद होता.

"ताई, मुलालाच फुलांचा त्रास असेल," तो हळू आवाजात म्हणाला. "फूल दिसलं की फटाफट शिंका. लपवत असतील. लग्न झाल्यावर सांगणार, आता काय करता?"

"असं असेल?"

"खडा टाकून बघ."

तिनं टाकला. होणारा जावई रविवारी जेवायला यायचा होता. दुकानातून तिनं लिलीची सहा टपोरी फुलं चिनीमातीच्या उंच फुलदाणीत होती तशीच, पाण्यासकट उचलून आणली आणि बरोबर त्याच्या ताटासमोर ठेवली. मग डोळ्यांत तेल घालून बसली.

जावई बसला. त्यानं मुलीकडे पाहिलं, मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पाणावले, पण शिंक काही आली नाही.

"फुलं कशी आहेत?" फुलवालीनं विचारलं.

"अप्रतिम," तो दबक्या आवाजात म्हणाला, आणि पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. त्या दिवशी तो जेवला जेमतेम, आणि दुसरी पोळी घ्यायच्या आत मुलीनं फुलदाणी उचलून बाहेर नेली. "बोलायला एकमेकांची तोंडं दिसत नाहीत," ती म्हणाली.

"शिंकला नाही," मामा नंतर नाक पुसत म्हणाला. त्याची जरा निराशा झाली होती.

"शिंकला नाही, पण काहीतरी लपवतोय. सगळेच लपवतायत."

राहिल्या विहीणबाई. एका दुपारी फुलवाली अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. विहीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चहा केला, बिस्किटं ठेवली आणि समोर बसल्या.

"लग्नात फुलं नकोत असं तुम्ही म्हणालात?"

"हो," विहीणबाई म्हणाल्या. "मीच म्हणाले."

"का?"

"मला नाही आवडत."

फुलवालीनं चहा संपवला आणि कप ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावली. खिडकीत पाण्याच्या पेल्यात पाच गुलाब होते. ताजे, त्याच सकाळचे. खिडकीबाहेरच्या कुंड्यांमधली मातीही नुकतीच उकरलेली होती. या बाईला फुलं आवडत नव्हती म्हणे!

फुलवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हिला फुलं चालतात, फुलवालीची चालत नाहीत. चार लोकांत सांगायला नको की सुनेची आई बादल्या घेऊन दुकानात बसते. घरी येईपर्यंत तिनं हे इतक्या वेळा घोळवलं की ते विहीणबाईंनी तोंडावर म्हटल्यासारखंच तिला आठवू लागलं.

ठीक आहे. तिनंही ठरवलं. यांच्या नाकावर टिच्चून फुलं आणायची.

पांढऱ्या शेवंतीचे पन्नास देठ तिनं निवडून घेतले. थंडीत कळ्या मिटून बसतात. त्या वेळेवर उमलवायच्या तर कोमट पाण्यात आणि उबदार खोलीत ठेवाव्या लागतात, म्हणून बादली तिनं दुकानाच्या मागच्या खोलीत हीटरजवळ ठेवली. पाण्यात बुडणारी पानं खरं तर आधी काढून टाकायची असतात. ती काढायला बसली आणि तेवढ्यात पुढून मुलीचा आवाज आला. तिनं घाईघाईत देठ तसेच बादलीत खुपसले, वर ओलं गोणपाट टाकलं आणि लग्नाच्या दिवसापर्यंत तिकडे फिरकली नाही, कुणाला संशय नको म्हणून. कोमट पाणी किती दिवसांनी बदलायचं याचा तिचा काही हिशेब नसे. वास बदलला की पाणी बदलायचं, एवढंच तिला आयुष्यभर माहीत होतं.

लग्नाच्या सकाळी बाहेर कडाक्याची थंडी होती. हॉलच्या मागच्या दारानं ती बादली घेऊन आत आली आणि गोणपाट काढलं. फुलं अशी उमलली होती की तिचं तिलाच कौतुक वाटलं. वाटीएवढी, पांढरीशुभ्र, एक पाकळी वाकडी नाही. सजावटवालीनं काम चोख केलं होतं, नाही असं नाही. ओंब्या आणि कापसाची बोंडं दिव्यांच्या उजेडात देखणी दिसत होती. पण देखणं आणि जिवंत यात फरक असतो. फुलवालीनं बादली स्टेजच्या मुख्य टेबलाआड ठेवली आणि फुलदाणी शोधायला गेली.

परत आली तेव्हा हॉलमधल्या चार खिडक्या उघडलेल्या होत्या. लोक कोट अंगाभोवती ओढून घेत होते. मुलाच्या आत्यानं शालीचं टोक नाकाला लावलं होतं.

"गटार तुंबलंय वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"गटार नाही हो, उंदीर मेलाय," दुसऱ्यानं ठामपणे सांगितलं.

हॉलचा मॅनेजर हुंगत हुंगत पडद्यामागे जाऊन आला, खुर्च्यांखाली वाकला आणि शेवटी स्टेजवर चढला. फुलवाली पाहत होती. तो टेबलाआड गेला, झटकन मागे सरला आणि त्यानं बादली ओढून सगळ्यांसमोर आणली.

"हे कुणाचं आहे?"

फुलवालीच्या हातात रिकामी फुलदाणी होती. तिनं नाकानं खोल श्वास घेतला. नेहमीसारखंच काही नव्हतं, नुसती थंड हवा. मग तिची नजर पाण्यावर गेली. ते काळपट झालं होतं आणि वर फेस होता. समोरच्या रांगेत बसलेली मुलगी अर्धवट उठली होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"माझं आहे," विहीणबाई म्हणाल्या.

त्या शांतपणे स्टेजवर चढल्या. "मीच आणली होती. पाणी बदलायचं राहून गेलं. माफ करा सगळ्यांनी."

"बाई, फुलं नकोत म्हणून तूच तर..." मुलाची आत्या शालीआडून म्हणाली.

"मन बदललं माझं," विहीणबाई म्हणाल्या, आणि बादली उचलून मागच्या दारानं निघून गेल्या. लोक हसले. कुणीतरी गणिताच्या बाईंवर एक विनोदही केला.

फुलवाली उभीच राहिली. लग्न ठरल्यापासूनचं सगळं तिच्यासमोर एका ओळीत आलं, जावयाच्या पाणावलेल्या डोळ्यांसकट. तिला लाज वाटली. रागही आला, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. मग ती मागच्या दाराकडे निघाली.

स्वयंपाकघराच्या मागे उघड्यावर एक नळ होता. विहीणबाईंनी भारी साडी गुडघ्यांशी आवरून धरली होती आणि बर्फासारख्या पाण्याखाली त्या एकेक देठ धूत होत्या. कुजलेली पानं बोटांना चिकटत होती.

"तुमचं आहे असं का सांगितलंत?" फुलवालीनं विचारलं.

"मुलाच्या आईला आज सगळं माफ असतं."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"लग्नाचं बोलणं झालं तेव्हापासून. तुमच्या मुलीनं सांगितलं, वासाचं तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं." विहीणबाईंनी मान वर केली नाही. "ती म्हणाली, ताजी फुलं म्हटली की आई कुणाला हात लावू देणार नाही. दुसऱ्या कुणाला दिली तर जन्मभर मनाला लावून घेईल. तेव्हा फुलंच नकोत. मी म्हटलं, माझं नाव सांग."

"मला विचारता आलं असतं तुम्हाला."

"तिनं शपथ घातली होती. आई स्वतःहून सांगेल तेव्हा सांगेल, म्हणाली. तुम्ही माझ्याकडे आलात त्या दिवशी मला वाटलं, सांगताय आता." त्यांनी पुढचा देठ नळाखाली धरला. "मला खोटं नीट बोलता येत नाही. गुलाब लपवायचे राहिले."

आत सनई की काहीतरी वाजायला लागलं होतं. कुणीतरी दोघींना हाका मारत होतं. फुलवाली खाली बसली. तिनं विहीणबाईंच्या हातातला देठ घेतला, पर्समधली कात्री काढली आणि काळवंडलेला भाग छाटून टाकला. मग दुसरा, मग तिसरा. बोटं बधिर झाली तरी ती थांबली नाही. छाटलेली फुलं ती विहीणबाईंच्या ओंजळीत देत गेली आणि त्या ती धुऊन जवळ धरत गेल्या. पन्नासातली अकरा राहिली, आखूड देठांची.

ती फुलं तिनं हातात घेतली. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात नाकाकडे वळला आणि अर्ध्यात थांबला.

तिनं फुलं विहीणबाईंच्या तोंडासमोर धरली.

"वास येतोय का अजून?"

विहीणबाईंनी वाकून वास घेतला. "थोडासा."

फुलवालीनं देठ आणखी बोटभर छाटले.

"आता बघा."