पाचवी प्लेट

सुचेताचा हात भलताच चपळ होता, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या घरून निघून कामेइदोला एका इमारतीच्या तळघरात जायचं, असा तिचा तीन वर्षांचा शिरस्ता होता. तळघरात नेमबाजीची रेंज होती. जपानमध्ये सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून हौशी मंडळी प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलांवर नेमबाजीच्या स्पर्धा खेळतात, आणि अगदी जीव तोडून खेळतात.

टायमर किंचाळला की कमरेचं पिस्तूल काढायचं आणि समोरच्या पाच लोखंडी प्लेटा टिपायच्या. वेळ जितका कमी तितकं उत्तम. पण प्लेट हुकली की दंडाचे सेकंद वेळेत जमा होतात. घाई केली तरी मार, रेंगाळलं तरी मार. या दोन्हींच्या मधली जागा सापडली की माणूस जिंकतो.

सुचेताला ती जागा गेले काही महिने सापडत नव्हती. उजवीकडून सुरुवात करून चार प्लेटा ती टणाटण वाजवायची आणि डावीकडची, जरा लांब उभी असलेली शेवटची प्लेट सोडून भलतीकडेच छर्रा मारायची. वसंतातल्या स्पर्धेत याच एका प्लेटीने तिचा हातातोंडाशी आलेला नंबर घालवला.

"तुला शेवटी धीर निघत नाही," तिचा नवरा रणजित म्हणाला. "चार झाल्या की तू मनातल्या मनात जिंकलेली असतेस."

क्लबमधले तिचे जोडीदार मोरिगुची-सान जरा सौम्य शब्दांत तेच म्हणायचे. तिलाही ते पटलं होतं. चूक घाईची, म्हणजे उपाय सावकाशीचा.

एका शनिवारी रणजितही सोबत आला होता. मोरिगुची-साननी टायमर बंद करून खिशात टाकला.

"आज घड्याळच नको, सुचेता-सान," ते म्हणाले. "हवा तेवढा वेळ घ्या. फक्त पाचही वाजल्या पाहिजेत."

सुचेताने नेहमीप्रमाणे डावा डोळा मिटला, पिस्तूल वर केलं. श्वास सोडला. पहिली प्लेट, टण्. दुसरी. तिसरी. चौथीपाशी तर ती मुद्दाम थांबली, नेम धरायच्या, पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर नजर पक्की केली आणि मगच बोट दाबलं. टण्. मग तिने पिस्तूल हळूहळू थोडं डावीकडे नेलं.

तिथे भिंत होती. राखाडी, सपाट, रिकामी भिंत.

"पाचवी काढली का हो?" तिने विचारलं.

तिला वाटलं, यांनी आपली गंमत करायची ठरवलीय.

"अगं, समोर तर आहे!" रणजित हसत म्हणाला.

"कुठे समोर?"

तिने दुसरा डोळा उघडला. माशीच्या जरा डावीकडे प्लेट जागच्या जागी होती. पांढरी, ताटलीएवढी, लख्ख उजेडात.

तिने माशीवरची नजर न हलवता डावा डोळा मिटला. प्लेट गेली. उघडला, आली. पुन्हा मिटला. तिथे काळोख नव्हता, डाग नव्हता, धूसरपणाही नव्हता. प्लेटीच्या जागी नुसती भिंत पसरली होती, जणू तिथे कधी काही नव्हतंच. पिस्तूल तिने समोरच्या फळीवर ठेवलं.

"रणजित," ती म्हणाली, "मी घाई करत नव्हते रे. मला ती दिसतच नव्हती."

रणजितचं हसू चेहऱ्यावरच गोठलं.

पुढच्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी तिला एका यंत्रासमोर बसवलं. एकेक डोळा झाकून समोर बघायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी बराच वेळ काहीच दिसेना, तेव्हा सुचेताला वाटलं यंत्र बंद पडलं. ते चालूच होतं. डॉक्टर बाईंनी कागद पुढे केला. नाकाच्या, म्हणजे डावीकडच्या बाजूचा मोठा तुकडा काळा होता.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "एरवी तुमचा डावा डोळा ही उणीव भरून काढतो, म्हणून कळलं नाही."

"पण दुखलं नाही, खुपलं नाही, काहीच नाही!"

"बहुतेकांना काहीच होत नाही. गेलंय ते परत येणार नाही. उरलेलं टिकवण्यासाठी औषधाचे थेंब रोज घालायचे. आणि हा आजार बऱ्याचदा घराण्यात असतो, भावंडं असतील तर त्यांना तपासून घ्यायला सांगा."

रेल्वेत बसल्यावरही सुचेता एकेक डोळा झाकून डब्याकडे बघत होती. समोरचा माणूस नाहीसा होतो का ते पाहत होती. रणजितने तिचा हात धरला तेव्हा ती दचकली.

पुण्याला मोठ्या भावाला, राजीवला, तिने त्याच संध्याकाळी फोन केला.

"दादा, उद्याच्या उद्या डोळे तपासून घे."

"काय गं, मला काय धाड भरलीय? काल साताऱ्याहून गाडी चालवत आलोय मी."

"मलाही काही झालं नव्हतं. तू जातोस की मी विमानात बसू?"

तो गेला. दोन दिवसांनी सुचेता ऑफिसच्या पँट्रीत चहा ओतत असताना फोन वाजला. राजीवची बायको, उत्तरावहिनी. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"सुचेता, यांचे दोन्ही डोळे तसेच निघाले गं. तुझ्यापेक्षा पुढे गेलंय. डॉक्टरांनी विचारलं, गाडी कोणी चालवत आणली? हे म्हणाले, मीच. डॉक्टर बघतच राहिले. गाडीची किल्ली मला द्यायला लावली. तेव्हापासून एक शब्द बोलले नाहीत, नुसते बसलेत."

दादाची गाडी, वळणं, डावीउजवीकडून येणारी माणसं तिच्या डोळ्यांपुढून सरकत गेली. ती तिथल्याच स्टुलावर बसली.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "दादाला फोन दे. बोलू नकोस म्हणावं, नुसता कानाला लाव. मी बोलते."