खळ लावलेलं पुस्तक

फळीवर ठेवायला कवडूनं पुस्तक उचललं आणि त्याचा अंगठा एका पानावर अडला. पान जाड लागलं. चाळीस वर्षं सुतावर फिरलेला अंगठा तो. धागा एकेरी की दुहेरी, हे त्याला डोळ्यांनी पाहावं लागत नसे. त्यानं पान उजेडात धरलं. आत दुसऱ्याच अक्षरांची सावली दिसली.

वर आकडा होता एकशे अकरा. उलटून पाहिलं तर एकशे चौदा.

तो तिथंच मागाच्या कडेला टेकला. घड्याळात साडेअकरा झाले होते. त्याची लेक जयवंता अकराला पेपरला बसली होती. राज्यशास्त्राच्या. याच पुस्तकाच्या.

सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनं पुस्तक आणलं तेव्हा त्याची पाठ सुटलेली होती. कवडूनं ते मागासाठी शिजवलेल्या खळीनंच सांधलं. ताण्याच्या उभ्या सुताला मजबुती देणारी तांदळाची खळ. "माह्या खळीनं ताणा तुटत नाही, पुस्तक काय तुटते," असं म्हणाला होता तो. खरंच तुटलं नाही. नको तिथं मात्र धरून बसलं.

जयवंताला पाचव्या वर्षी गोवर झाला आणि डोळे गेले. अंधशाळेतून पहिल्या सुट्टीत घरी आली ती जाड कागदावरचे ठिपके बोटानं वाचत. वाचता वाचता तिनं विचारलं होतं, "बाबा, तुमाले तं दिसते ना? मंग तुमी काहून नाही वाचत?" त्याच आठवड्यात कवडू प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला. बेचाळीस वर्षांचा. आजही तो ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय वाचू शकत नसे.

कॉलेजची पुस्तकं ठिपक्यांत मिळत नव्हती. शाळेनं टेपरेकॉर्डर दिला, कॅसेटी दिल्या, आणि सदर भागातल्या एक बाई पुस्तकं वाचून भरून देत. त्यांची जानेवारीत बदली झाली. राज्यशास्त्र राहिलं. तेव्हा कवडू म्हणाला, "मी वाचतो."

शेजारचा रुपराव हसला होता. "कॅसेट आयकून कोनी बी.ए. होते का गा? पुस्तक वाचाचं असते."

"तू जन्मभर पोथी आयकलीच ना?" कवडू म्हणाला. "पुण्य भेटलं का नाही तुले?"

तरी कवडूच्या मनातली धाकधूक गेली नव्हती. पंधरा दिवस सकाळी मागावर बसण्याआधी तो वाचायचा. जोडाक्षर आलं की थांबायचा, बटन दाबायचा, ओठांतल्या ओठांत घोळवायचा आणि मग पुन्हा बटन दाबून म्हणायचा. एक अक्षर सोडायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. आणि सोडली ती अख्खी दोन पानं.

आता त्याला आठवलं, जयवंतानं एकदा विचारलंही होतं. "बाबा, राज्यपालाबद्दल येवढंच आहे का?"

"जे लिवलं ते वाचलं," तो तुटकपणे म्हणाला होता. आपल्या वाचण्यावर ती शंका घेते, असं वाटलं होतं त्याला. तिनं पुन्हा विषय काढला नव्हता.

"काहून असे बसले?" चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता मनकर्णा म्हणाली.

त्यानं बायकोला पान दाखवलं. सगळं सांगितलं.

"येवढ्या मोठ्या पुस्तकात दोनच पानं ना?"

"त्याच्यातलंच इचारलं असंन तं?"

तो उठला, सदरा चढवू लागला.

"कुठं चालले?"

"कॉलेजात."

"तिथं जाऊन काय करता? खिडकीतून सांगता?" मनकर्णानं चरखा थांबवला. "बसा चूपचाप. लेखनिक पोरगी लिवून राहिली असंन, ही सांगून राहिली असंन. तुमाले पाहून ते पोरगी घाबरंन."

सदऱ्याची एक बाही तशीच लोंबत राहिली. मग तो चुलीशी गेला. चहाच्या गंजात, त्या छोट्या पातेल्यात, पाणी ठेवलं. वाफ यायला लागली तसं पुस्तक वर धरलं. खळ वाफेला ऐकते, हे त्याला ठाऊक होतं. घाई केली तर कागद फाटेल, तेही ठाऊक होतं. पानाचा कोपरा ओला झाला, सुटला. मग कड. नखानं जरा जरा सारत त्यानं दोन पानं वेगळी केली आणि बोट ठेवून वाचलं: राज्यपालाचे अधिकार. खाली एक, दोन, तीन, चार असे मुद्दे. मास्तरलोकांना प्रश्न काढायला याहून सोयीचं काय असणार?

आजचं तर गेलं. पण कॅसेट उन्हाळ्यात शाळेत परत जाणार होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचं लेकरू ती ऐकेल आणि याच खड्ड्यात पडेल. निदान तेवढं तरी बुजवावं, म्हणून कवडूनं टेपरेकॉर्डर पुढे ओढला. शेवटची कॅसेट घातली. कुठं जागा कोरी आहे ते पाहायला पुढं पळवून चालू केली.

त्याचाच आवाज आला, अडखळत, पण ठाम. "पुस्तक संपलं. वाचणारा कवडू धकाते, गोळीबार चौक." मग नुसती खरखर. त्यानं थांबवायला बोट पुढं केलं.

"पान एकशे बारा आणि एकशे तेरा."

जयवंताचा आवाज होता. कॉलेजात बोलते तसा, नीट.

"ही दोन पानं एकमेकांना चिकटल्यामुळे मध्ये वाचायची राहिली. माझ्या वर्गातल्या कौसल्यानं तिच्या पुस्तकातून मला सांगितली, मी ठिपक्यांत उतरवून घेतली आणि आता वाचते आहे. दोष पुस्तकाचा आहे, वाचणाऱ्याचा नाही. राज्यपालाचे अधिकार..."

ती वाचत गेली. मध्ये मध्ये जाड कागदावरून बोट सरकल्याची सरसर ऐकू येत होती. आणि तिच्या आवाजामागं, दूर, एकसारखं खटक-खटक, खटक-खटक. कवडूनं कान दिला. त्याचाच माग होता तो. म्हणजे तो इथं धोटा फेकत बसला होता आणि ती आतल्या खोलीत दार ओढून हे भरत होती.

चारही मुद्दे संपेपर्यंत तो हलला नाही. मग त्यानं सदऱ्याची लोंबती बाही हातात घातली, पुन्हा काढली, सदरा खुंटीला टांगला आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं. छातीवरचं दगडी जातं कोणी उतरवून ठेवावं तसं झालं होतं.

"काय झालं?" मनकर्णानं विचारलं.

"काही नाही. चाय ठेवतो."

"आत्ता? पोरगी येऊ तं द्या."

अडीचला जयवंता आली. कौसल्या तिला कोपऱ्यापर्यंत सोडून गेली होती. काठी दाराशी टेकवून ती पाटावर बसली. कपाळावर घाम होता, पण चेहरा मोकळा होता.

"कसा गेला वं?" कवडूनं विचारलं.

"चांगला गेला. राज्यपाल आला होता. सगळ्यात पह्यले तोच लिवाले सांगतला."

"हं," कवडू म्हणाला आणि कपबशी तिच्या हातात दिली.

तिनं एक घोट घेतला. थांबली. कप नाकाशी नेला.

"बाबा, चहाले खळीचा वास काहून येऊन राहिला?"

मनकर्णानं चरख्यावरून मान वर केली. कवडू चुलीतली राख उगाच सारखी करू लागला.

"तुया मायनं गंज नीट घासला नसंन," तो म्हणाला.

"घ्या! माह्यावरच!" मनकर्णा म्हणाली.

जयवंतानं फळीकडे हात लांबवला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानांच्या कडांवरून अंगठा फिरवत नेला. एका जागी अंगठा जरा थबकला. कागद अजून दमट होता. मग तो पुढं सरकला, शेवटच्या पानापर्यंत, कुठंही न अडता.

तिनं चहा बशीत ओतून संपवला आणि कप त्याच्याकडे धरला.

"आहे का अजून?"