कपाट वर चाललंय

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की लोक घरं बदलतात. पोरांचं वर्ष मोडत नाही आणि नवी शाळा उघडायच्या आत भांडीकुंडी जागेवर लागलेली असतात. त्यामुळे सगळं जग फिरायला जातं त्या दोन महिन्यांत मुकादम दुसऱ्यांची कपाटं घेऊन जिने चढत असायचा. घरसामान हलवणाऱ्या चार गड्यांच्या टोळीचा तो मुकादम. बारा वर्षांत त्याने फ्रिज, पलंग, शिवणयंत्रं, एकदा तर पाचव्या मजल्याच्या खिडकीतून आत घेतलेला पियानो, असं काय काय वाहिलं ते तो रंगवून सांगायचा. पण उन्हाळ्यात स्वतःच्या पोरांना कुठे नेलंस, असं कुणी विचारलं की डोकं खाजवायचा. नेलंच नव्हतं तर सांगणार काय!

मोठा मुलगा नऊ वर्षांचा. घरात त्याला वकील म्हणत, कारण बापाने कुठल्या वर्षी, कुठल्या वारी, काय जेवताना कोणतं वचन दिलं हे त्याला तोंडपाठ असे. त्याचा एकच खटला होता: समुद्रावरचं दीपगृह. तीन वर्षं तो लढत होता आणि तीन वर्षं त्याला पुढची तारीख मिळत होती. धाकटी साडेचार वर्षांची. तिला पोतं म्हणत. चालायचा कंटाळा आला की ती रडत नसे, भांडत नसे. हातपाय सैल सोडून जिथे असेल तिथे खाली बसे, आणि तिचं पोतं होई. मग बाप तिला एका हाताने उचलून खांद्यावर टाकी. गेल्या दोन वर्षांत पोरगी कुठल्याही रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या पायांनी पोहोचली नव्हती.

यंदा वकिलाला तारीख मिळाली ती हर्नियाच्या कृपेने. ऐन हंगामाच्या तोंडावर मुकादमाचं ऑपरेशन झालं. चाला, जिने चढा, पण सावकाश, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि दोन महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. चौथ्या आठवड्यात त्याने जाहीर केलं की गुरुवारी दीपगृह. वकिलाने कॅलेंडरवर खूण केली आणि खाली बापाची सही घेतली.

बायको मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. गुरुवारी तिची ड्यूटी. दारात चपला घालता घालता तिने उलटतपासणी घेतली.

"तिला उचलायचं नाही."

"नाही उचलणार."

"रडली तरी?"

"रडली तरी."

"रस्त्यात लोळली तरी?"

मुकादम जरा घुटमळला. "लोळली तरी."

"सतरा किलो आहे ती. परवाच काट्यावर उभी केलीय. आणि अहो, तुमच्या तोंडावर सगळं दिसतं. संध्याकाळी मी बघीनच."

सतरा किलो हे मुकादमाला काट्याशिवाय माहीत होतं. नजरेनं वजन सांगण्यावर तर त्याचं पोट होतं.

बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. ब्रेड-जॅम, उकडलेली अंडी, पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल असलेली पिशवी वकिलाच्या पाठीवर होती. मुकादम मोकळ्या हाताने चालत होता आणि हातांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे. आधी वाळूत किल्ला झाला, मग अंडी झाली, मग किल्ला पडला म्हणून दुसरा झाला. दीपगृहाच्या दाराशी पोहोचले तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते.

तिकीट फाडणाऱ्या बाईंनी नियम एका दमात म्हणून टाकले. "एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, आठ वळणं. वरच्या गच्चीचं दार चारला बंद. दहा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाशिवाय नाहीत. मध्ये कुणाला सोडून पुढे जायचं नाही. गेलात तर सगळे वर, नाहीतर सगळे खाली."

पहिलं वळण तिघांनी पळत घेतलं. दुसऱ्या वळणावर पोरीने विचारलं, "आलं का?" तिसऱ्यावर ती थांबली, भिंतीकडे बघितलं, आणि शांतपणे खाली बसली.

"माझे पाय संपले," ती म्हणाली. आणि तिचं पोतं झालं.

मुकादमाने बिस्कीट दाखवलं. आईस्क्रीम कबूल केलं, मग दोन, मग तीन. पोतं ढिम्म हललं नाही. वरून उतरणारी माणसं अंग चोरून जात होती. एक धिप्पाड तरुण थांबला. "काका, द्या इकडे, मी घेतो तिला." त्याने हात पुढे केले मात्र, पोरीने लोखंडी कठड्याला मिठी मारली आणि असा टाहो फोडला की आवाज गोल जिन्यातून पार वरपर्यंत घुमला. "बाबाच! बाबाच!" तरुणाने हात जोडले आणि काढता पाय घेतला.

एरवी वकिलाने वार-तारखेसकट बापाचे वाभाडे काढले असते. आता तो वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "जाऊ दे बाबा. खालूनही दिसतो तसा समुद्र."

हे मुकादमाला सहन झालं नाही. पोरगा भांडला असता तर चाललं असतं. तो समजूतदार झाला होता, आणि नऊ वर्षांच्या पोराला असं समजूतदार आपणच केलं, हे बापाला लख्ख दिसलं. त्याने गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, पोरीच्या काखेत हात घातले. बारा वर्षांची सवय, हात विचारायला थांबतात थोडेच.

"बाबा, टाके!" वकिलाने मागून शर्ट धरला होता. दोन्ही मुठींनी. "आईने मला सांगितलंय. तू उचललंस तर मी आत्ता खाली जाऊन बसेन."

मुकादमाने हात काढून घेतले आणि पायरीवर बसकण मारली. त्याला लाज वाटली. पियानो चढवणारा माणूस सतरा किलोंपुढे हात टेकून बसला होता, आणि वर तीन वर्षांचं वचन लटकत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने घाम म्हणून पुसलं.

"तू का नाही उचलत?" पोतं म्हणालं.

घरी तिला सांगितलं होतं की बाबाला बाऊ झालाय. पण आता मुकादमाला थापा मारायचंही त्राण नव्हतं. "मला येत नाही गं," तो म्हणाला. "सध्या नाही येत. उलट मलाच कुणीतरी वर न्यायला पाहिजे."

हे वाक्य आजवर त्याने कुणापुढे काढलं नव्हतं. पोरीने मान उचलली.

"तू किती जड आहेस?"

"ब्याण्णव किलो. दोन दारांच्या कपाटाएवढा."

पोरीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जेवताना बापाच्या कामाच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली होती. "मग दोघं लागतात," ती म्हणाली.

आणि मुकादमाच्या डोक्यात दिवा पेटला. ज्याने सामानाचं एक टोक धरलंय त्याला कुणी उचलून घेत नाही. कामावर नवा आलेला, रडतराऊत गडीसुद्धा टोक हातात आलं की चालायला लागतो.

"लागतात तर," तो म्हणाला. "एक वर, एक खाली. खालचा वजन घेतो. वरचा वळणं बघतो आणि ओरडून सांगतो. वरचा असतो तो मुकादम."

"मी वर." ती उभीसुद्धा राहिली होती.

पिशवीतून टॉवेल निघाला. त्याचं एक टोक मुकादमाने दोन्ही हातांत धरलं, दुसरं पोरीकडे गेलं. वकिलाने पिशवी सरळ केली आणि बापाच्या पाठीवर तळवे टेकले. "वळण आलं की 'वळण' म्हणायचं," मुकादमाने कामाची रीत सांगितली. "दम लागला की 'टेकव'. आणि किती राहिलं ते कुणी विचारायचं नाही. आमच्या कामात चालत नाही ते."

"कपाटाने बोलायचं नाही," नव्या मुकादमाने फर्मावलं.

निघाली वरात. पोरगी पुढे, टॉवेल ताणून, निम्मी उलटी चालत. मध्ये ब्याण्णव किलोंचं कपाट. मागे वकील. "वळण!" पोरगी ओरडायची आणि कपाट अंग तिरपं करून वळायचं. वरून कुणी आलं की तिचा आवाज चढायचा. "बाजूला व्हा! कपाट वर चाललंय! भिंतीला लागा!" माणसं खरोखरच भिंतीला लागायची. एका आजींनी इकडे तिकडे बघत विचारलं, "कुठंय गं कपाट?" "हे काय!" पोरगी म्हणाली. आजींनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "सागवानी दिसतंय. जपून न्या हो." वकील इतका हसला की त्याचे हात सुटले आणि नव्या मुकादमाकडून त्याला बोलणी बसली.

पाचव्या वळणानंतर मात्र खेळ खेळ राहिला नाही. चार आठवडे घरात बसून काढलेल्या माणसाला पायऱ्या जड जाऊ लागल्या. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. थांबावं असं त्याला वाटत होतं, पण पोरांपुढे म्हणायचं कसं? एरवी याच माणसाने ह्याच्या दुप्पट पायऱ्या पाठीवर ओझं घेऊन चढल्या असत्या. तो दात-ओठ खात आणखी दोन पायऱ्या चढला.

पोरीने मागे वळून त्याचं तोंड बघितलं. "टेकव!"

"जातो की अजून."

"मुकादम कोण आहे?"

कपाट निमूट पायरीवर टेकलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पाठीवरचे तळवे मघापासून नुसते टेकलेले नव्हते. वकील खरोखर रेटत होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि बापाने नकळत आपला थोडा भार त्याच्यावर टाकला होता. पोराने तो घेतला होता आणि ब्र काढला नव्हता. मुकादमाला इतका आनंद झाला की त्याला तिथल्या तिथे पोराला छातीशी धरावंसं वाटलं. पण कपाटांना तशी मुभा नसते.

"दमलास?" त्याने विचारलं.

"कपाटाने बोलायचं नाही," वकील धापा टाकत म्हणाला.

सहावं वळण झालं. सातवं झालं. वरून वारा यायला लागला, आणि वाऱ्याबरोबर किल्ल्यांचा आवाज. गच्चीचा म्हातारा पहारेकरी दार ओढून घेत होता. वकिलाने घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. चारला एक मिनिट कमी.

"थांबा!" पोरगी किंचाळली. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज कसा निघाला देव जाणे. "दार लावू नका! कपाट येतंय!"

कडीवरचा हात तसाच राहिला. म्हाताऱ्याने खाली वाकून बघितलं. आधी टॉवेल दिसला, मग तो ओढणारी हातभर पोरगी, मग लाल तोंडाचा जाडजूड माणूस, मग त्याच्या काखेतून डोकावणारा पोरगा. म्हाताऱ्याने नोकरीत पुष्कळ बघितलं असेल, हे बघितलं नसेल. त्याने दार सताड उघडलं आणि स्वतः पाठीने धरून ठेवलं.

"या," तो म्हणाला. "दहा मिनिटं देतो. जड सामान आहे."

एकशे अठ्ठ्याऐंशीवी पायरी पोरीने आपल्या पायांनी चढली. तिघं गच्चीवर आले आणि वाऱ्याने टॉवेल फडफडायला लागला. वकील कठड्याशी धावला. त्याला कंठ फुटला तो थांबेना. "बाबा, तीन जहाजं! चार! बाबा, आपला किल्ला! ठिपका आहे नुसता! बाबा, बस बघ, आपली बस!" तीन वर्षांचा खटला त्याने जिंकला होता आणि तो उड्या मारत होता, आणि बापाला हसू आवरत नव्हतं.

खिशात फोन वाजला. दवाखान्यातून बायको. "उचललंत ना तिला?"

"नाही."

"खरं सांगा."

"तिला नाही उचललं. मलाच उचलून आणलंय दोघांनी. वर आहोत. अगदी वर!"

बायको इतकी मोठ्यांदा हसली की मागे कुणाचं तरी झोपलेलं बाळ जागं झालं. "फोटो पाठवा," ती म्हणाली. "नाहीतर इथे कुणी विश्वास ठेवणार नाही."

पोरगी अजून गच्चीच्या मधोमध उभी होती. तिने टॉवेल सोडला नव्हता. कपाळावर आठ्या घालून ती इकडे तिकडे बघत होती.

"काय झालं गं?"

"कुठे ठेवायचं ते बघतेय."

तिने त्याला आधी दाराजवळ ठेवलं. ते पसंत पडेना. मग डावीकडे सरकवलं. तिथे ऊन होतं. मग थोडं मागे, आणखी थोडं, नाही, पुढे. बारा वर्षं गिऱ्हाइकांनी मुकादमाकडून हेच करून घेतलं होतं, आणि तो मुकाट सरकत राहिला. शेवटी तिने त्याला कठड्याशी, वकिलाला अगदी खेटून उभं केलं. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मग स्वतः दुसऱ्या बाजूला येऊन त्याच्या पायाला टेकून उभी राहिली.

"इथे," ती म्हणाली. "आता हलायचं नाही."

खाली गावात कुठेतरी त्याची टोळी कुणाचं तरी घर हलवत होती. हंगाम ऐन भरात होता.

"नाही हलत," मुकादम म्हणाला, आणि पहारेकऱ्याने दोनदा किल्ल्या वाजवल्या तरी जागचा हलला नाही.