परीक्षेची गाडी

पुढच्या महिन्यापासून नियम लागू होणार होता, की प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडायचं नाही. गॅरेजच्या मालकिणीनं मिस्त्रीला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "कागद आणलात तर तुम्ही हेड मेकॅनिक. नाही आणलात तरी काळजी करू नका, गाड्या धुवायला माणूस हवाच आहे." मिस्त्रीनं सव्वीस वर्षं त्या गॅरेजात घालवली होती. पण प्रेमानं सांगितलेल्या गोष्टीवर भांडताही येत नाही.

म्हणून एकावन्नाव्या वर्षी तो छातीवर नऊ नंबरचा कागद टाचून परीक्षा केंद्राच्या शेडमध्ये उभा होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे परीक्षक त्याचा साडू निघाला, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ह्या साडूची गाडी एकदा रस्त्यात बंद पडली, तेव्हा त्यानं मिस्त्रीला चाळीस किलोमीटरवरून बोलावून घेतलं होतं, आणि टाकीत पेट्रोलच नव्हतं. पण साडूकडे निरनिराळ्या कोर्सचे सात कागद होते, आणि मिस्त्रीकडे फक्त काम होतं. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "पास होऊनच या. नाहीतर धाकटीच्या घरी मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

साडूनं त्याला पाहिलं आणि घसा खाकरला.

"उमेदवार क्रमांक नऊ, ओळखपाळख फाटकाबाहेर. इथे मी परीक्षक."

"बरं, साडूभाऊ."

"परीक्षक म्हणा."

परीक्षेची गाडी शेडच्या मधोमध उभी होती. नऊ वर्षं ती तिथंच होती. रस्ता म्हणून काही असतो, हे ती बिचारी विसरूनही गेली असेल. रोज वीसपंचवीस उमेदवार तिला पाच-पाच मिनिटं सुरू करायचे आणि बंद करायचे. तिच्यात केंद्रानं मुद्दाम घातलेले पाच दोष होते, आणि ते कोणते हे गावभर माहीत होतं. फाटकाबाहेरचा चहावालासुद्धा चहाबरोबर पाचही उत्तरं सांगायचा.

मिस्त्रीच्या वाट्याला दोष क्रमांक तीन आला: ईजीआर व्हॉल्व. सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत इंजिनात वळवायचा, म्हणजे आतली आच कमी राहते आणि विषारी वायू कमी बाहेर पडतात. धूर केव्हा आणि किती आत सोडायचा, ते हा व्हॉल्व ठरवतो. केंद्रानं त्याच्या वायरीचा प्लग सैल करून ठेवला होता, त्यामुळे समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. उमेदवारानं भरायच्या तक्त्यात तीन रकाने होते, आणि त्यांतली उत्तरं ठरलेली होती. लक्षण: दिवा लागतो, इंजिन थरथरते. निदान: प्लग सैल. परिणाम: दोष दूर झाला.

मिस्त्रीनं प्लग दाबला. दिवा विझला.

"शाब्बास," साडू म्हणाला. "लिहा, दोष दूर झाला."

मिस्त्रीनं पेन उचललं आणि परत ठेवलं. इंजिन अजून थरथरत होतं.

"अहो, ही अजून हलतेय."

"नऊ वर्षं हलतेय. लिहा."

आता ह्या माणसाला लिहून मोकळं व्हायला काय झालं होतं? काही नाही. पण हलणारी गाडी 'बरी झाली' म्हणून त्यानं आयुष्यात कुणाच्या हाती दिली नव्हती. लिहायला हात वळेना. त्यानं तेलाच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापला, व्हॉल्वचे दोन बोल्ट ढिले केले आणि तो पत्रा मध्ये सरकवून धुराची वाट बंद केली. इंजिन एकदम शांत झालं. म्हणजे व्हॉल्व नीट मिटतच नव्हता, आणि गाडी जागच्या जागी चालू असताना, जेव्हा धूर मुळीच नको असतो, तेव्हाही तो आत जात होता. प्लगचा त्या थरथरीशी काडीचा संबंध नव्हता. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं नऊ वर्षं चाललं होतं.

त्यानं पत्रा काढून टाकला आणि व्हॉल्वही बाहेर काढला. आत काजळीचे थरावर थर. गाडी कधी धड तापलीच नव्हती, मग दुसरं काय होणार? त्यानं काजळी खरवडून एका झाकणात काढली, ब्रशनं व्हॉल्व लख्ख केला आणि जागेवर बसवला. गाडी सुरू केली, तर ती चालू आहे की बंद, हे कळायला कान द्यावा लागला. मिस्त्रीला मनापासून आनंद झाला. परीक्षेत आपण पहिले आलो, असंच त्याला वाटलं.

साडूचा चेहरा मात्र पांढरा पडला. तो धावत जाऊन केंद्रप्रमुखांना घेऊन आला. प्रमुखांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे काय केलंत?"

"दुरुस्त केली, साहेब."

"दुरुस्त करायला कुणी सांगितलं? ही परीक्षेची गाडी आहे! तुमच्यामागे सोळा उमेदवार आहेत. पहिल्या रकान्यात काय लिहायचं त्यांनी? लक्षणच नाही, तर निदान कशाचं?"

मिस्त्रीनं हातातला ब्रश खाली ठेवला.

प्रमुख शांत झाले. म्हणाले, गाडी होती तशी करून द्या, आम्ही तुम्हाला पास करतो. नाहीतर केंद्राच्या मालमत्तेत फेरफार केल्याबद्दल तीन वर्षं परीक्षाबंदी. साडूनं त्याला भिंतीशी नेलं आणि पहिल्यांदा घरच्या आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, हट्ट नका करू. ताईंचा तरी विचार करा."

मिस्त्रीला डोळ्यांपुढे गॅरेजचा नळ दिसला, पाण्याचा पाइप दिसला, आणि आपणच शिकवलेली पोरं आपल्याला गाडी पुसायला सांगताहेत, हेही दिसलं. त्यानं व्हॉल्व पुन्हा काढला आणि झाकणातले काजळीचे खडे बोटानं चाळले. पहिला खडा मोठा निघाला, गाडी बंदच पडली. दुसऱ्यानं काही फरक पडेना. तिसरा त्यानं कानशीनं घासला, व्हॉल्वच्या बैठकीत चिमट्यानं बसवला, वरून तेलकट काजळी फासली. गाडी थरथरली, अगदी पहिल्यासारखी. इतकं बारीक काम त्यानं वर्षभरात केलं नव्हतं, आणि ते करताना त्याला स्वतःची शिसारी आली.

"व्वा!" प्रमुख म्हणाले. ते टेबलाशी बसून त्याचं प्रमाणपत्र भरू लागले. साडूनं प्लग पुन्हा सैल केला.

दहा नंबरची उमेदवार शेडबाहेरून आत आली. तिशीची बाई, भावाबरोबर टेम्पो दुरुस्तीचं दुकान चालवणारी. तिनं प्लग दाबला, दिवा विझला, आणि तिनं मान तिरकी केली.

"सर, दिवा गेला. थरथर नाही गेली."

"दोष दूर झाला, असं लिहा."

"पण झाला नाही ना."

ती मिस्त्रीकडे वळली. "काका, तुम्ही आत्ताच हिच्यावर काम केलंत. तुम्हाला काय वाटतं?"

प्रमुखांचा शिक्का हवेत थांबला. साडूनं डोळे मोठे केले. मिस्त्री म्हणाला, "लिहून टाक, बाळा. इथे असंच लिहितात."

बाईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग पेन ठेवलं आणि पाना उचलला. साडू "अहो, अहो" करेपर्यंत व्हॉल्व तिच्या हातात होता. तिनं चिमट्यानं खडा काढला आणि उजेडात धरला.

"हा आपोआप बसलेला नाही. कानशीनं घासून मापात बसवलाय." तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "ज्यानं कुणी बसवला, त्याला काम फार चांगलं येतं."

तिनं निदानाच्या रकान्यात तेच लिहिलं: जाणत्या माणसानं मुद्दाम घातलेला दोष. साडूनं ठरलेल्या उत्तरांशी ताडून पाहिलं, उत्तर जुळलं नाही, आणि तिला नापास केलं. प्रमुखांनी मिस्त्रीच्या कागदावर शिक्का मारला.

बाई हात पुसत निघाली. जाता जाता तिची नजर मिस्त्रीच्या बोटांवर गेली. ती तेलानं आणि काजळीनं काळीकुट्ट होती. बाई थांबली.

"पास झालात ना, काका? अभिनंदन," असं म्हणून तिनं हात पुढे केला.

मिस्त्रीनं आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.