ही जागा कुणाची?

वाजवायला सुरुवात होऊन मिनिटभर झालं नाही, तोच पहिला पाय आपटला. टक टक.

"बेथोव्हेन," कुबात नावाचे म्हातारे चेलोवाले वाजवता वाजवताच म्हणाले. "या साहेब, बसा."

सगळे हसले. बासून वाजवणारा रादिम हान्झलिकही हसला, पण ओढूनताणून, कारण सिंफनी त्याचीच होती. मोराव्हियातल्या या वाद्यवृंदात त्याचं अर्धं आयुष्य मागच्या रांगेत गेलं होतं. इथली रीत त्याला पाठ होती: नवी रचना पहिल्यांदा वाजवताना जुन्या कुणा संगीतकाराची चाहूल लागली की पाय आपटायचा आणि नाव घ्यायचं. दुसऱ्यांच्या रचनांना त्यानंही हौसेनं पाय आपटले होते. आता एक तरी जागा अशी निघावी, जिथे सगळे पाय गप्प राहतील, एवढीच त्याची इच्छा होती.

पण पाय काही गप्प राहीनात. पितळी वाद्यांना ब्राम्स भेटला. "ड्वोर्झाकचं घर आलं, जोडे बाहेर काढा," ओबोवाला द्राहोश म्हणाला. हान्झलिकला राग येण्याऐवजी नवलच वाटू लागलं. लिहिताना ही मंडळी कोणत्या दारानं आत शिरली, याचा त्याला पत्ताच नव्हता.

मग संथ भाग आला. ओबोचा सूर खाली उतरता उतरता मध्येच थबकला आणि भलत्याच स्वरावर जाऊन बसला. सगळ्यांनी कान टवकारले. एकही पाय हलला नाही.

संचालक पोक्लुदांनी छडी खाली ठेवली. "हान्झलिक, ही जागा कुणाची? मला तर ओळखू येत नाही."

"त्याचीच आहे," कुबात म्हणाले. "सापडला गडी शेवटी."

हान्झलिकचा चेहरा खुलला. हेच तर हवं होतं त्याला. पण ते थबकणं कानातून जाईना. असं थबकणारं माणूस आपल्या माहितीतलं आहे, असं वाटत राहिलं. त्यानं ती जागा मनातल्या मनात पुन्हा गुणगुणून पाहिली. मग त्यानं हळूच पाय आपटला.

"स्वतःलाच?" द्राहोशनं विचारलं.

"ओतिलिए शेबेलोव्हा," हान्झलिक म्हणाला. कुणालाच नाव ओळखीचं वाटलं नाही. "मला पियानो शिकवायच्या त्या बाई. मोच्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. माझी शिकवणी संपली की स्वतःचं काहीतरी वाजवायच्या. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. लिहिताना आठवल्यासुद्धा नाहीत हो. आत्ता ओळखलं."

"त्यांचं कुठे वाजलंय का?" पोक्लुदांनी विचारलं.

"कुठेच नाही. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात सगळे कागद उबेसाठी शेगडीत गेले. मग बाईही गेल्या."

"म्हणजे एवढंच उरलंय?" द्राहोशच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"एवढंच."

द्राहोशनं ओबो पुन्हा ओठांशी नेला. पोक्लुदांनी छडी उचलली.

"तिथूनच घेऊ," ते म्हणाले. "आणि जरा सावकाश."