सत्तावीस सेकंदांनंतरच्या टाळ्या

ज्ञानाच्या वाटेला लागलेल्या माणसाने आधी सर्वस्वाचा त्याग करायला हवा, असं थोर लोक सांगत आले आहेत. ताईंची सुरुवात केसांपासून झाली. त्या वाटेला लागल्या तेव्हा त्यांना केस नव्हते, भुवया नव्हत्या, आणि काही तांत्रिक कारणाने त्या जमिनीपासून चार बोटं वरून चालत होत्या.

हे अर्थात कॉम्प्युटरच्या पडद्यावर. खुर्चीत बसलेल्या ताईंना केस भरपूर होते, वय एकसष्ट होतं, आणि गेली चौतीस वर्षं त्या एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होत्या. दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याचा ठसा पाठवायचा, ताई त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतायच्या, मेणात एकेक दात बसवायच्या आणि कवळी डबीत घालून परत पाठवायच्या. मेण मऊ करायला गॅसच्या बारीक ज्योतीवर नळीने फुंकर मारावी लागे. एवढी वर्षं रोज फुंकल्यावर ताईंना वाटलं, आता जरा सुरात फुंकावं. म्हणून त्यांनी माउथ ऑर्गन घेतला.

गावातल्या संगीतशिक्षकाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "नातवाला शिकवायचंय का?"

"मला शिकायचंय."

"या वयात दम पुरत नाही हो बाई. टाळ वगैरे बघा काहीतरी."

ताई घरी आल्या, खोलीचं दार लावलं आणि ज्याला तोंड नाही अशा शिक्षकाच्या शोधाला लागल्या. शोधता शोधता त्यांना कळलं की इंटरनेटवर एक आख्खं जग आहे. तिथे आपण आपली एक बाहुली करायची, तिला हवं तिथे चालवत न्यायचं, आणि दुसऱ्यांच्या बाहुल्यांशी बोलायचं. त्या जगात बेटं होती, वाचनालयं होती, भूगोलाचे वर्ग होते, नाचघरं होती. एका बेटावर लाकडी बाकांची एक शेड होती आणि तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला माउथ ऑर्गन शिकवत. शिकवणारा बगळा होता.

केस मात्र बाजारातून आणावे लागत. ताईंनी आणले. ते खोक्यात आले. आता खोकं आधी जमिनीवर ठेवायचं, उघडायचं, आणि मग आतले केस घालायचे, अशी रीत होती. ताईंनी सरळ 'घाला' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि खोकं डोक्यात घातलं. पुढचे तीन वर्ग त्या खोक्यासकट बाकावर बसल्या. कोणी काही म्हणालं नाही. बगळ्याला वाटलं, ही श्रद्धेची बाब असावी. चौथ्या वर्गाला एका अस्वलाने हळूच विचारलं तेव्हा खरा प्रकार कळला. तोपर्यंत सगळे त्यांना खोकेबाई म्हणायला लागले होते. ताईंनी ठरवलं, आता राहू दे. घरी, लॅबमध्ये, नातेवाइकांत त्यांना जी काही नावं होती त्यातलं एकही त्यांनी स्वतः मिळवलेलं नव्हतं.

वर्गात अकरा जण होते. एक अस्वल, एक उभा फ्रीज, डोक्याला आग लागलेला एक गृहस्थ, बाकी किरकोळ. कोण कुठला, काय वयाचा, हे कोणी विचारत नसे. बगळा एक ओळ वाजवी आणि मग एकेकाची पाळी येई. ताईंचा दम सगळ्यांत लांब निघाला. बगळ्याने विचारलं, "आधी काय वाजवायचात?" ताई म्हणाल्या, "गॅस." मग त्यांनी फुंकर कशी मोजून मारायची याचा एक तास घेतला, आणि अस्वलाच्या दुखऱ्या जबड्यासाठी उशी बदलायला सांगितली. फ्रीजने त्यांना स्वरलिपी वाचायला शिकवली. आठ महिन्यांत ताई तीन धुना वाजवायला लागल्या, आणि बगळा म्हणाला, "येत्या रविवारी पाचला सभागृह घेतलंय. तुम्ही एकट्या वाजवायचंय."

याच सुमारास भाऊसाहेब निवृत्त झाले.

भाऊसाहेब म्हणजे ताईंचा एकाच घरात राहणारा धाकटा भाऊ. वजनमापे खात्यात तो निरीक्षक होता आणि दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासणं हे त्याचं काम. निवृत्तीनंतर त्याने ग्रंथ लिहायचं ठरवलं. नावही ठरलं होतं, 'मापात राहिलेली चाळीस वर्षं'. पण जेवणाच्या टेबलावर लिहायला बसला की वहिनी तिथेच भाजी निवडायला बसायच्या आणि देठ प्रस्तावनेवर पडायचे. घरात दार नीट लागेल अशी एकच खोली होती, आणि ती ताईंची. दहा बाय आठची. खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत.

"ताई, तू हॉलमध्ये झोपत जा," भाऊसाहेब म्हणाला. "तुझं ते बाहुल्यांचं काय ते हॉलमध्येही होईल."

"नाही होणार."

"मला लिहायचंय. हे खरं काम आहे. तुझं तिकडे सगळं खोटं."

"नाही."

नाही याच्यापुढे घरात कधी कोणी गेलं नव्हतं, म्हणून मामांना बोलावण्यात आलं. मामा ब्याऐंशी वर्षांचे, ऐकू कमी, आणि कुटुंबातल्या सगळ्या वाटण्या त्यांनीच केलेल्या. त्यांनी वेळ दिली, रविवार, संध्याकाळी पाच.

रविवारी पाचला दहा मिनिटं असताना भाऊसाहेबाने दार वाजवलं. "ताई, मामा आलेत. बाहेर ये."

"मला जमणार नाही. पाचला माझा कार्यक्रम आहे."

"कुठे?"

"इथे. मीटिंग घ्यायची तर आत या. मामांना खुर्ची आण."

"पाठ टेकायची आण," मामा बाहेरून म्हणाले. त्यांना नको तेवढं बरोबर ऐकू येई.

तर दहा बाय आठच्या खोलीत चौघं जण बसले. ताई पडद्यासमोर, मामा खुर्चीत, वहिनी पलंगावर, आणि भाऊसाहेब उभाच. उभं राहून बोलल्यावर मुद्दा वजनदार होतो, असा त्याचा अनुभव होता. ताईंनी माइक चालू केला आणि म्हणाल्या, "आता इथलं सगळं तिकडे ऐकू जाणार आहे. बोलायचं ते बघून बोला."

"मी काय कोणाला भितो? तिकडे आहे कोण ऐकायला?"

पडद्यावर मोठं सभागृह दिसत होतं. खुर्च्यांवर बाहुल्या. व्यासपीठावर डोक्यात खोकं घातलेली एक बाई. ताईंनी माउथ ऑर्गन ओठांना लावला आणि पहिली धून वाजवली. साडेतीन मिनिटं. वहिनींनी मान हलवली, मामांनी पाय.

धून संपली. पडद्यावर कोणी हललं नाही.

"बघितलंत?" भाऊसाहेब म्हणाला. "एक टाळी नाही. अहो मामा, ही भिंतीपुढे वाजवते. खोली यासाठी अडवून ठेवलीय. तिथे एक माणूस नाही. ते पुढचं काय आहे? अस्वल आहे. आणि त्या बाजूला चक्क फ्रीज..."

तेवढ्यात पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहुल्या उठून उभ्या राहिल्या. ताई शांतपणे म्हणाल्या, "इथून निघालेला आवाज तिथे पोचायला वेळ लागतो. अर्धं मिनिट."

भाऊसाहेबाने सवयीने घड्याळ बघितलं होतं. "सत्तावीस सेकंद," तो म्हणाला. चुकीचं माप त्याला सहन होत नसे.

टाळ्या थांबल्या आणि मग पडद्याच्या खालच्या बाजूला ओळी उमटायला लागल्या. तिकडचे लोक लिहीत होते. वहिनी चष्मा सावरून मामांसाठी मोठ्याने वाचायला लागल्या. "अस्वल म्हणतंय, 'मी माणूस आहे. डावा गुडघा धरलाय, डॉक्टरची चिठ्ठी दाखवू का?'"

"कोण म्हणतंय?"

"अस्वल, मामा. आता फ्रीज विचारतोय, त्या खोलीत इतकी वर्षं कोण राहतंय."

"फ्रीज बोलतो?" मामा म्हणाले. "आपला तर कधी बोलला नाही."

"यांना सांग, हा घरगुती मामला आहे," भाऊसाहेब म्हणाला.

"तूच सांग. माइक चालू आहे."

भाऊसाहेब वाकला आणि माइकमध्ये, कचेरीत बोलावं तसं, म्हणाला, "आपण कोण आहात हे मला ठाऊक नाही. परंतु ज्यांना स्वतःचा चेहरा दाखवता येत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये." मग तो सरळ झाला आणि सत्तावीस सेकंद घड्याळाकडे बघत उभा राहिला. उत्तर अठ्ठाविसाव्या सेकंदाला आलं. डोक्याला आग लागलेल्या गृहस्थाने लिहिलं होतं, "तुमचाही चेहरा दिसत नाहीये, साहेब. नुसता आवाज येतोय. तुम्ही आहात ना?"

वहिनींना ठसका लागला.

"आहे म्हणजे?" भाऊसाहेब माइकला म्हणाला. "मी राजपत्रित अधिकारी होतो."

"भाऊ, बाजूला हो," ताई म्हणाल्या. "माझ्या दोन धुना राहिल्यात."

"आधी खोलीचं ठरू दे."

"ठरलंय. मी खोली सोडणार नाही." ताई खुर्ची वळवून बसल्या. आवाज चढला नव्हता. "तुझं म्हणणं काय, तर जो दिसत नाही तो खोटा. चौतीस वर्षांत मी किती कवळ्या केल्या? त्यातल्या एका मामांचं तोंड सोडून मी एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. डबी यायची, डबी जायची. ती माणसं त्या दातांनी जेवतात, भांडतात, हसतात. ती सगळी खोटी? तेव्हा कोणी म्हणालं नाही, ताई हे खरं काम नाही. आता मी पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी शिकले तर खोटं?"

"वरची जरा सैल झालीय," मामा म्हणाले.

"उद्या बघते मामा."

"पण ऐकायला आहेत किती?" भाऊसाहेब अडून बसला. "पाच? सहा? माझ्या निरोप समारंभाला एकोणीस माणसं होती."

"मी आणि वन्सं धरून," वहिनी म्हणाल्या.

"तरी एकोणीस. तिथे वीस निघाले तर मी खोलीचं नाव काढणार नाही. बोल."

"तू लाव पैज. मी लावत नाही," ताई म्हणाल्या. "एकटं अस्वल असलं तरी मी इथेच बसणार आणि मंगळवारी सहाला दार लावणार. मोजायचं तर मोज. फक्त पडद्यासमोरून सरक."

असं म्हणून त्यांनी दुसरी धून सुरू केली. भाऊसाहेबाने खिशातून पेन्सिल काढली आणि ताईंच्या खांद्यावरून पडद्याकडे रोखून मोजायला लागला. वजनमापे खात्यात माप दोनदा घ्यायचा नियम आहे, आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने घ्यायचं. म्हणून त्याने वहिनींनाही मोजायला लावलं. वहिनींनी बोट लावत मोजलं. भाऊसाहेबाने पुन्हा मोजलं, यावेळी उजवीकडून.

"किती?" मामांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "तेवीस."

"तुमचे किती आले, अहो?" त्यांनीच नवऱ्याला विचारलं.

"तेवीस," भाऊसाहेब म्हणाला. खोटं माप तो सांगू शकला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

ताईंनी वळूनही बघितलं नाही. त्यांची तिसरी धून सुरू झाली होती. तिच्यात एका जागी श्वास आत ओढत सूर खाली वाकवायचा होता, आणि आठ महिन्यांत तो त्यांना सहा वेळाच नीट जमला होता. सातव्यांदा जमला. शेवटचा सूर त्यांनी इतका लांबवला की संगीतशिक्षकाने ऐकला असता तर त्याला टाळ घ्यावे लागले असते.

धून संपली आणि मामांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी, जोरात, बाकीच्या जगाच्या सत्तावीस सेकंद आधी. मग वहिनींनी. भाऊसाहेब घड्याळाकडे बघत होता. वेळ भरल्यावर पडद्यावरचे सगळे उठले, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यानेही पेन्सिल दुसऱ्या तळहातावर दोनदा आपटली.

"खोली तिची," मामा म्हणाले. "चहा टाका."

भाऊसाहेब वही घेऊन टेबलाशी गेला. जाताना दार त्याने बाहेरून ओढून नीट लावलं.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर बगळ्याने ताईंना एक बाब सांगितली. सभागृह भाड्याने घेतलं की रिकामं दिसू नये म्हणून ते बनवणारा आत नऊ श्रोते बसवून देतो. ते आपोआप उठतात, टाळ्या वाजवतात आणि खाली बसतात. तेवीसमध्ये ते नऊ होते. उरलेल्या चौदांत ताईंची स्वतःची बाहुलीही मोजलेली होती.